वालाच्या शेंगेतलं वैविध्य

आज बोलूया वालाविषयी. कुंपणावर चढणारा वेल, बुटकं झुडूप, हिरव्या, पांढरट किंवा जांभळट शेंगा ही सारी एकाच पिकाची रूपं. हे वैविध्य म्हणजे पैदासकाराचं भांडवल.

उत्पादन एका गुणावर ठरत नाही. झाडावरच्या शेंगांची संख्या, शेंगेचं वजन, फांद्या, फुलोरा, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून निवड करताना केवळ मोठी शेंग पाहू नका, झाडाला शेंगा किती लागतात तेही मोजा. फुलोऱ्याचं म्हणाल तर, पारंपरिक वाल दिवस लहान झाल्यावरच फुलतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' या झुडपी वाणांवर मात्र दिवसाच्या लांबीचं बंधन नाही.

असे वाण घडतात ते जुन्या वाणांतल्या गुणांमधून. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी वालाचे गावरान वाण जपले आहेत. तुम्हीही निरोगी, भरघोस झाडं हेरून त्यांच्या पक्व शेंगांचं बी वेगळं राखा. हरवलेला वाण पुन्हा मिळत नाही.