माहिती प्रसिद्ध झाली. पण ती सापडते का?



माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कामकाजाची माहिती, कोणी मागेपर्यंत न थांबता, स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. आणि तीही जनतेला सहज मिळेल अशा रीतीने. संकेतस्थळ हे त्याचे आजचे सोयीचे साधन होय. परंतु संकेतस्थळावर पान ठेवले की ते जनतेपर्यंत पोहोचले, ही समजूत बरोबर नाही. कार्यालयाच्या संकेतस्थळाचा पत्ता सामान्य नागरिकाला क्वचितच पाठ असतो. तो गूगलसारख्या शोधयंत्रालाच विचारतो. जे पान शोधयंत्राला सापडत नाही, ते कुलूपबंद कपाटातील फायलीसारखेच असते. अशा वेळी साध्या दाखल्यासाठीही नागरिकाला मध्यस्थाचे दार ठोठावावे लागते.

शोधयंत्राचे कार्य तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याची संगणकीय प्रणाली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात नवी पाने हुडकते. दुसऱ्या टप्प्यात पानांवरील मजकुराची सूची तयार होते. ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते, तशीच ही सूची. तिसऱ्या टप्प्यात विचारलेल्या प्रश्नाशी जुळणारी पाने क्रमाने मांडली जातात. पान मागे पडते ते या तीनपैकी कोणत्या तरी टप्प्यावर.

पहिल्या टप्प्यासाठी नव्या पानाकडे जाणारी वाट हवी. ज्या पानाचा दुवा कोठेच नाही, ते शोधयंत्राला सहसा भेटत नाही. यास्तव ग्रामपंचायतीच्या नव्या पानाचा दुवा मुखपृष्ठावर द्यावा; पंचायत समितीच्या व जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळांवरही तो असावा. सर्व पानांचे पत्ते एकत्र देणारी यादी, म्हणजे साइटमॅप, तयार करण्याची पद्धत गूगलने २००५ मध्ये सुरू केली आणि २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. ही यादी गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सेवेतून सादर करता येते. आणखी एक दक्षता आवश्यक आहे. संकेतस्थळाची उभारणी चालू असताना शोधयंत्रांना मज्जाव करणारी सूचना त्यात घातलेली असते. काम पूर्ण झाल्यावर ती काढण्याचे पुष्कळदा राहून जाते.

दुसऱ्या टप्प्यात मराठी मजकुराची विशेष अडचण उद्भवते. सहीशिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र पानावर चढविले की माणसाला अक्षरे दिसतात, शोधयंत्राला मात्र ती वाचता येतीलच अशी खात्री नसते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधील मजकुराचीही तीच गत होते. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठविलेली चिन्हे निराळीच असतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करावा आणि स्वाक्षरीची प्रत सोबत जोडावी.

तिसऱ्या टप्प्यात शब्दांची निवड महत्त्वाची ठरते. कार्यालय ‘शिधापत्रिका’ लिहिते, नागरिक ‘रेशन कार्ड’ शोधतो. कार्यालय ‘अधिकार अभिलेख’ म्हणते, शेतकरी ‘सातबारा’ म्हणतो. शोधयंत्रे काही समानार्थी शब्द ओळखतात, तरी सर्वस्वी त्यावर विसंबू नये. कायद्यातील संज्ञा कायम ठेवून लोकांच्या तोंडचा शब्दही पानावर एकदा स्वाभाविकपणे यावा. प्रत्येक पानाला स्वतंत्र शीर्षक असावे. ‘सूचना’ एवढ्याने काहीच बोध होत नाही. ‘जन्म दाखला : अर्ज, कागदपत्रे व शुल्क’ आणि पुढे गावाचे व तालुक्याचे नाव, असे शीर्षक नागरिकाला आणि शोधयंत्रालाही उपयोगी पडते. एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत असल्याने हा तपशील आवश्यक होय.

या कामी पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी देणारे ठेकेदारही भेटतात. शोधफलांतील जाहिराती पैसे देऊन मिळतात व त्या तशा दर्शविलेल्या असतात. परंतु मूळ क्रमवारीतील स्थान गूगल पैसे घेऊन देत नाही. एकच शब्द पन्नास वेळा लिहिल्याने लाभ तर नाहीच, उलट हानी होते. पानाच्या संकेतावलीत दडविलेल्या शोधशब्दांच्या यादीचा क्रमवारीसाठी विचार केला जात नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. नव्या पानाची नोंद होण्यास काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. तेवढा धीर धरावयास हवा.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले, त्यांतील एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. शासकीय पानाची कसोटीही हीच असावी. पान प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांनी ग्रामसेवकाने किंवा शिक्षकाने गावातील एखाद्या व्यक्तीला, तिच्याच मोबाइलवर आणि तिच्याच शब्दांत, ती माहिती शोधावयास सांगावे. ती सापडली, तरच माहिती खऱ्या अर्थाने प्रसिद्ध झाली असे म्हणता येईल.