गाण्यातली 'मी' कोणाची?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



किशोरी गट चालवणाऱ्या आपणा सगळ्याजणींकडे एक तक्रार हटकून येते. कधी आई येते, कधी शाळेतल्या बाई, कधी मंडळाचे अध्यक्ष. म्हणतात, "ताई, मुलींना जरा समजवा. दिवसभर मोबाईलवर ती घाणेरडी गाणी, आणि वर त्यावर नाचतात!" मुलग्यांबद्दल ही तक्रार घेऊन माझ्याकडे अजून कुणी आलेलं नाही. गणपतीत तीच गाणी लावून मुलगे नाचतात आणि मुली ओट्यावरून बघतात. तेव्हा तक्रार गाण्याची कमी आणि मुलीच्या नाचण्याची जास्त आहे, हे आधी ओळखू या.

म्हणून गाण्यांवर बोलायचंच नाही का? तसंही नाही. प्रेम म्हणजे काय, नकार म्हणजे काय, हे मुलगी आपल्या शिबिरात वर्षातून दोनदा ऐकते. गाण्यातून रोज ऐकते. प्रश्न आहे तो गाणं कोणत्या फूटपट्टीने मोजायचं हा.

आजवर हाताशी असलेली फूटपट्टी म्हणजे 'अश्लील आहे की नाही'. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा त्याच भाषेत बोलतो. स्त्रीचा अवमान थांबावा हा हेतू योग्यच होता. पण सभ्य काय, असभ्य काय, हे ठरवायला कोण बसतं? आणि ठरवल्यावर किंमत कोण मोजतं? महाराष्ट्राने याचं उत्तर पाहिलं आहे. २००५ साली राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. म्हणजे तेच गाणं, तोच नाच. महागड्या हॉटेलात चालेल, साध्या बारमध्ये नाही. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पण मधल्या वर्षांत ज्यांची चूल विझली त्या नाचणाऱ्या बाया होत्या. गाणी लिहिणारे नव्हते आणि नोटा उधळणारेही नव्हते. तेव्हा स्त्री-संघटनाही दोन बाजूंना उभ्या होत्या, हे आपण विसरू नये.

म्हणून मी गटात अश्लीलतेचा प्रश्न बाजूला ठेवते आणि तीन वेगळे प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न : गाण्यातली 'मी' कोणाची? २०२४ साली आलेलं संजू राठोड यांचं 'गुलाबी साडी' घ्या. आपल्या प्रत्येक वस्तीत ते वाजलं. गाण्यात बोलते बाई. लिहिणारा आणि गाणारा मात्र पुरुष. ती नटून आली आहे आणि आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते. मला यातलं काही आवडतं. आपण छान दिसतो हे ती स्वतःच सांगते, कुणी म्हणण्याची वाट बघत नाही. नटण्याबद्दल तिला लाज नाही. गाण्यात धमकी नाही, पाठलाग नाही. चाल तर अशी की पाय आपोआप हलतात. पण या बाईची इच्छा फोटोपाशी येऊन थांबते. एका गटात मी मुलींना म्हटलं, आता पुढचं कडवं तुम्ही रचा. एकीच्या कडव्यात साडीचे पैसे तिने स्वतः कमावले होते. दुसरीच्या कडव्यात मोबाईल तिचा स्वतःचा होता, भावाकडून मागून घेतलेला नव्हता. मुली गाण्याच्या मागे डोळे मिटून जात नाहीत. त्यांना विचारलं, तर त्या गाण्याच्या पुढे जातात.

मग पुरुषाने लिहिलं म्हणजे बाईचा आवाज खोटाच, असं समजायचं का? नाही. 'मन के मंजीरे' हा अल्बम आठवा. 'ब्रेकथ्रू' या मानवी हक्क संघटनेने २००० सालच्या सुमारास तो काढला. शुभा मुद्गल यांनी गायलं, शब्द प्रसून जोशी यांचे, संगीत शंतनू मोईत्रा यांचं. ध्वनिचित्रफितीत मारहाणीचा संसार सोडून ट्रक चालवायला लागलेली बाई आहे. मिता वशिष्ठ यांनी ती उभी केली, आणि ती एका खऱ्या स्त्रीच्या आयुष्यावरून घेतलेली होती. शब्द पुरुषाचे असले तरी अनुभव बाईकडून आला होता. आपल्याला तपासायचं आहे ते हे.

दुसरा प्रश्न : तिच्या नकाराला गाण्यात जागा आहे का? डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर गुडगावच्या एका हॉटेलातला रॅप गायकाचा नववर्षाचा कार्यक्रम लोकांच्या निषेधामुळे रद्द झाला. बलात्काराची भाषा करणारं एक गाणं त्याच्या नावावर फिरत होतं; ते आपलं नाही असं त्याने सांगितलं. इथे कुणी 'अश्लील' म्हणून थांबलं, तर मुद्दा हातातून निसटतो. शरीराचा उल्लेख हा त्या गाण्याचा गुन्हा नव्हता. बाईच्या 'नाही'ला चिरडण्यात मर्दुमकी आहे, असं ते शिकवत होतं. आणि हाच धडा गोड चालीतही मिळतो. पहिल्या कडव्यात ती रागावते, तो मागे लागतो, तिसऱ्या कडव्यात ती हसते. अशी 'स्वच्छ' गाणी आपण घरात सगळ्यांसमोर लावतो.

याच्या शेजारी १९९५ चं 'मेड इन इंडिया' ठेवून पाहा. गायिका अलिशा चिनॉय, संगीत बिद्दू यांचं. ध्वनिचित्रफितीत ती राजकन्या आहे, तिच्यासमोर एकेक वर येतो आणि ती नाकारत जाते. नाकारल्यामुळे तिच्यावर कसलाही प्रसंग ओढवत नाही. शेवटी येतो मिलिंद सोमण, आणि इथे बघणारी ती, बघितला जाणारा तो. गोष्ट अखेर वरसंशोधनाचीच आहे, हे खरं. तरी निवडीचा हक्क तिच्याकडे ठेवणारं गाणं घराघरांत वाजलं, ही लहान गोष्ट नाही.

तिसरा प्रश्न आपण जवळपास विचारतच नाही : पैसा कोणाच्या हातात? २०२१ साली 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणं आलं. गायिका धी, गीतकार-गायक अरिवु, संगीतकार संतोष नारायणन. अरिवु यांच्या आजीच्या, भूमिहीन मजुरांच्या पिढ्यांच्या आठवणीतून ते आलेलं. देशभर, परदेशात गाजलं. आणि मार्च २०२४ मध्ये संगीतकाराने जाहीरपणे सांगितलं की आपल्या तिघांनाही त्यातून एक पैसा मिळालेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला आहे, गाणाऱ्यांचाही हक्क मानला आहे. पण कागदावरचा हक्क आपोआप हातात पडत नाही, हे किमान वेतनासाठी भांडलेल्या आपल्या बायांना सांगायला नको. गळा कष्टकऱ्याचा आणि गल्ला दुसऱ्याचा, हे तमाशातल्या बायांपासून चालत आलं आहे.

शेवटी एक आठवण करून देते. आपल्याकडे बाईने रचलेल्या, बाईनेच गायलेल्या 'मी'ची कमी नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संख्या लाखाच्या वर गेली. त्यांत माहेर आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत, आणि नवऱ्याचा जाचही आहे. ही गाणी रचताना त्या बायांनी कुणाला विचारलं नव्हतं. जातं गेलं, पण बोलायची गरज गेलेली नाही.

तेव्हा गावी, वस्तीत परत गेल्यावर एवढं करा. पुढच्या बैठकीला मुलींना सांगा, सगळ्यात आवडतं गाणं घेऊन या. आधी ते पूर्ण ऐका, नाचायचं असेल तर नाचू द्या, तुम्हीही नाचा. मग हे तीन प्रश्न मांडा आणि गप्प बसा. उत्तरं मुलींना देऊ द्या. आणि तक्रार घेऊन येणाऱ्या अध्यक्षांना विचारा, "यंदा गणपतीत मुलींना नाचायला जागा कुठे ठेवताय?"