सामायिक गच्ची, सामायिक वीज



स्वतःच्या बंगल्यावर सौर पॅनेल बसवायचे, तर एका कुटुंबाचा निर्णय पुरतो. सदनिकेत राहणाऱ्याला ती सोय नाही. गच्ची सर्वांची असते, म्हणूनच बहुधा तिला कोणी वाली नसतो. तिथे पाण्याच्या टाक्या आणि मोडक्या खुर्च्या ऊन खात पडलेल्या असतात. खाली लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांचे बिल मात्र दरमहा येत राहते. मेंटेनन्सच्या रूपाने ते निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदालाही भरावे लागते.

हिशेब साधा आहे. एक किलोवॉटच्या संचाला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. म्हणजे १०० चौरस मीटरवर १० किलोवॉटचा संच बसला, तर महिन्याला साधारण १,२०० युनिट. उरलेली वीज नेट मीटरमधून वितरण कंपनीच्या जाळ्यात जाते आणि नियमाप्रमाणे बिलात वळती होते. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली.

इमारतीवर जागाच नसेल तर? त्यावरही मार्ग निघालेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०१३ मध्ये कायदा करून सामुदायिक सौर प्रकल्पांना वाट करून दिली. प्रकल्प दूरच्या शेतात उभा राहतो, कुटुंबे त्यात वाटा घेतात आणि त्या वाट्याच्या विजेचे मूल्य त्यांच्या बिलातून वजा होते. भाडेकरूही त्यात सहभागी होऊ शकतो. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये याच धर्तीवर मार्गदर्शक सूत्रे काढली.

अर्थात, वाटा घेण्यापूर्वी करार नीट वाचला पाहिजे. मुदत किती, दर दरवर्षी वाढणार का, घर बदलल्यास वाटा कोणाकडे जाणार, हे लेखी हवे. स्थिर आकार बिलात राहतोच, हेही ध्यानात असावे. शिवाय बॅटरी नसलेला साधा संच वीज गेली की बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवासाठी ती योजना असते.

तंत्र सिद्ध झालेले आहे. अडते ते सर्वसाधारण सभेत. वरच्या मजल्याला गळतीची धास्ती, खालच्याला खर्चाची चिंता, आणि कोणाला एकरकमी पैसे देणे अशक्य. या शंका खोट्या नाहीत. गच्चीची जलरोधक दुरुस्ती आधी करावी, वर्गणीचे हप्ते पाडावेत, पॅनेल धुण्याची जबाबदारी नेमून द्यावी आणि बचतीचा हिशेब दरमहा फलकावर लावावा. ज्याला आज वर्गणी झेपत नाही, त्यालाही सामायिक बिलातील बचतीचा लाभ मिळावा, कारण गच्चीवर त्याचाही हक्क आहे.

येत्या सभेत कोणीतरी गेल्या १२ महिन्यांची वीजबिले आणि गच्चीचे माप घेऊन उभे राहावे. पुढची चर्चा त्या दोन कागदांवरून आपोआप सुरू होईल.