पाहिले तेवढेच लिहावे



वसंतातली व्याख्याने ऐकण्यासाठी आपण संध्याकाळी येथे जमता, त्याच्या आधीच या आवारातल्या झाडांवर एक सभा भरलेली असते. तिला अध्यक्ष नसतो, तिच्यात आभारप्रदर्शन नसते, आणि सर्व वक्ते एकाच वेळी बोलतात. कोकीळ तर वेळेची मर्यादा मुळीच पाळत नाही! त्या सभेचा वृत्तांत लिहून ठेवणारी आम्ही काही माणसे आपल्या गावात आहोत.

आमचे मंडळ लहान आहे. एक निवृत्त पोस्टमन, एक औषधविक्रेते, दोन शिक्षक, एक गृहिणी आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली, एवढाच आमचा पसारा. दर रविवारी पहाटे आम्ही तळ्यावर जातो आणि दिसले ते वहीत मांडतो. तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे नाव आणि संख्या, एवढेच. "पाखरे मोजून काय मिळते?" असे आम्हांला नेहमी विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आमच्या एका फजितीची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

एका हिवाळ्यात आमराईत भर सकाळी एक लहानसे घुबड बसलेले दिसले. आमच्यापैकी कुणीतरी म्हणाले, "रानपिंगळा!" दुर्मिळ पक्ष्याचे नाव कानी पडताच आमची मती गुंग झाली, आणि आम्ही ते ठळक अक्षरांत वहीत लिहून टाकले. घरी परतताना पोस्टमनकाकांनी शांतपणे विचारले, "त्याच्या डोक्यावर ठिपके होते का हो?" कुणालाच सांगता येईना. घुबड सर्वांनी पाहिले होते, पण त्याचे डोके कुणीच पाहिले नव्हते! पुढच्या रविवारी त्याच फांदीवर स्वारी हजर होती, आणि डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी. आपला नेहमीचा साधा पिंगळाच तो. आम्ही पान फाडले नाही. त्या ओळीवर एक रेघ मारली आणि खाली खरे नाव लिहिले.

काकांचा एवढा आग्रह का, याचे उत्तर रानपिंगळ्याच्याच कथेत आहे, आणि ती कथा आपल्या खानदेशची आहे. हा पक्षी शास्त्राला 1873 साली ठाऊक झाला. 1884 नंतर त्याचा खरा नमुना कुणालाही मिळाला नाही. मात्र एक नोंद मध्येच उभी होती. रिचर्ड माइनर्टझागेन या नामांकित इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत मांडवी येथे आपण हा पक्षी टिपला, असे लिहून ठेवले होते. माणूस मोठा, तेव्हा त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार? पुढे पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले. तेव्हा उघड झाले की त्याचा नमुना मुळी त्याचा नव्हताच. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी पळवून, तो नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती.

मग शोधणाऱ्यांनी ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा टाकला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या रानात आले, आणि शंभरांहून अधिक वर्षे जगाला हरवलेला पक्षी त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला होता! त्यानंतर तो मेळघाटातही आढळला. श्रोतेहो, येथे एका कागदाच्या कपट्याचे मोल पाहा. खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांची दिशाभूल केली, आणि खरी चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मागेही शतकभराने वाट दाखवीत राहिली.

"पण आमच्या साळुंकीला आणि कावळ्याला कोण विचारतो?" असे आपण म्हणाल. आम्ही म्हणतो, त्यांनाच आधी विचारावे. चिमणीचेच पाहा. ती नाहीशी होत आहे अशी हळहळ घरोघर ऐकू येते. देशभरच्या हजारो हौशी निरीक्षकांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या, आणि त्यांवरून भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल 2020 साली निघाला. त्यात असे आढळले की चिमणी देशात एकंदरीत टिकून आहे, पण मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे. 2023 सालच्या पुढच्या अहवालात सुमारे 30 हजार निरीक्षकांच्या 3 कोटी नोंदी आणि 942 जातींचा विचार आहे. त्यांतील 178 जातींकडे तातडीने लक्ष पुरवले पाहिजे, असे त्यावरून ठरले. या 3 कोटींतील बहुतेक नोंदी आपल्यासारख्यांनीच, चहा निवण्याच्या आत केलेल्या असतील.

मात्र नोंद सर्वांची व्हावी असे म्हणताना एक पथ्य सांगितलेच पाहिजे. पक्षी दिसला हे सांगावे, त्याचे घरटे कोठे आहे हे चारचौघांत सांगू नये. आजकाल दूरध्वनीवर एक निरोप टाकला की तासाभरात छायाचित्रकारांची जत्रा भरते, आणि आई घरटे सोडून जाते. ज्या ज्ञानाने पिलू दगावते, ते ज्ञान नव्हे, हौस होय. सत्य लिहिणे हा जसा नोंदीचा धर्म, तसा योग्य वेळी मौन पाळणे हाही तिचाच धर्म आहे.

आता आपल्याकडे एक मागणे आहे. थोड्याच दिवसांत पावशा "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" म्हणू लागेल. पाठोपाठ, पावसाच्या तोंडावर, काळापांढरा, डोक्यावर शेंडी असलेला चातक आपल्याकडे येईल. त्याच्या पहिल्या दर्शनाचा दिवस दरवर्षी गावोगाव टिपला गेला, तर मोसमी पावसाशी त्याचे नाते किती घट्ट आहे, आणि ते बदलत आहे काय, हे आपल्या नातवंडांना कळेल. म्हणून घरच्या पंचांगाच्या समासात एवढेच लिहा: अमुक दिवशी, अमुक झाडावर, चातक पाहिला. दिसला नाही तर "दिसला नाही" हेही लिहा, कारण तीही नोंदच आहे. खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह काढा. त्यात कमीपणा नाही. आणि मग ते पान आमच्या मंडळाकडे आणून द्या. आम्ही ते देशाच्या मोठ्या वहीत घालू.

आमच्या त्या वहीतली रेघ मारलेली ओळ आम्ही नव्या सभासदाला सर्वांत आधी दाखवतो. सापडलेल्या दुर्मिळ पक्ष्याचा अभिमान आम्हांला अजून लाभायचा आहे. खोडलेल्या त्या एका नावाचा अभिमान मात्र आम्हांला जरूर आहे.

 बाहेरच्या सभेनेही जरा वेळ दम धरलेला दिसतो. आता तिची पाळी.