संरक्षणाचा कायदा आणि स्थानबद्धाचे हस्तलिखित



राष्ट्राचे संरक्षण मोठे की नागरिकाचे स्वातंत्र्य मोठे, या वादात दोन्ही बाजूंनी मोठमोठे शब्द वापरले जातात. आम्ही आज एका लहानशा खटल्याविषयीच बोलणार आहोत. तो आपल्या मुंबईतला आहे आणि त्याच्या मुळाशी एक मराठी पुस्तक आहे.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. २६ तारखेस आणीबाणी पुकारली गेली. भारत संरक्षण नियम आले, आणि ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींचा हुकूम निघाला की, या नियमांखाली ज्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले असेल, त्याला घटनेच्या २१ व २२ या कलमांच्या आधारे न्यायालयात जाता येणार नाही. शत्रू सीमा ओलांडून आत आलेला असता सरकारने कडक अधिकार हाती घेतले, यात आम्हांस काही वावगे वाटत नाही. पण चीनने महिन्याभरात युद्ध थांबविले, आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. मध्यंतरी पाकिस्तानशी युद्ध झाले हे खरे; तेही १९६५ च्या सप्टेंबरातच थांबले होते.

या काळात प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी सरकारच्याच परवानगीने 'अणूच्या अंतरंगात' हे पुस्तक लिहिले. विषय शुद्ध विज्ञानाचा. ते छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्यावे, एवढेच त्यांचे मागणे. सरकारने नकार दिला. गंमत अशी की, या पुस्तकाने देशाला धोका आहे असे सरकारने न्यायालयात म्हटलेच नाही! म्हणणे एवढेच की, स्थानबद्धाला पुस्तक प्रसिद्ध करू देण्यास कायद्याने आम्ही बांधलेले नाही. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक बाहेर पाठविण्याचा उल्लेख नाही, म्हणून तसा हक्कही नाही.

आमच्या मते सगळा प्रश्न येथेच आहे. सरकारी यादीत जे लिहिलेले नाही, ते नागरिकाचे नव्हेच काय? उच्च न्यायालयाने हा युक्तिवाद मानला नाही, व न्यायमूर्ती सुब्बराव यांनी सर्वोच्च न्यायालयात तोच निर्णय कायम केला. या अटी म्हणजे स्थानबद्धाला दिलेल्या सवलती नव्हेत, त्याच्या स्वातंत्र्यावर घातलेली बंधने आहेत. जेथे बंधन सांगितलेले नाही, तेथे स्वातंत्र्य शिल्लकच असते. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपले सैन्य लाहोरच्या आघाडीवर सरहद्द ओलांडून गेले. ऐन युद्धात हा निकाल लागला, आणि त्यामुळे सैन्याचे काही अडले नाही.

पण १९६२ च्या हुकुमात राष्ट्रपतींचे नाव असूनही हे दार किलकिले राहिले ते कशामुळे? 'या नियमांखाली' एवढ्या शब्दांमुळे. नियम सोडून काही केले असेल, तर स्थानबद्ध न्यायालयात येऊ शके. २७ जून १९७५ च्या हुकुमात ही मर्यादा ठेवलीच नाही. मग २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की, अटक बेकायदा असली तरी स्थानबद्धाला दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. पुढे त्यांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमले गेले व त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल न्यायालयाने स्पष्टपणे रद्द ठरविला २०१७ साली.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २१ वे कलम आणीबाणीतही स्थगित होणार नाही अशी तजवीज केली, ती उत्तमच झाली. मात्र स्थानबद्धतेला आणीबाणी लागतेच असे नाही. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आजही खटल्यावाचून बारा महिन्यांपर्यंत डांबता येते. त्याच घटनादुरुस्तीत आणखी एक कलम संमत झाले होते. सल्लागार मंडळापुढे प्रकरण न नेता माणसाला ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणावी, असे ते कलम. ते अंमलात आणण्यास फक्त केंद्र सरकारची एक अधिसूचना हवी आहे. ती अद्याप निघालेली नाही.