तुपातला रवा काय सांगतो?

आपल्यातले बरेच गट आता तूप करून विकतात. गिऱ्हाईक बरणी उजेडात धरून बघतं आणि विचारतं, "ताई, यात रवा दिसत नाही. तूप शुद्ध आहे ना?" त्या एका शंकेपायी चांगल्या तुपाची बरणी परत येते आणि लोण्यात घातलेला पैसा अडकून पडतो. म्हणून आज रव्याबद्दल बोलू या. रवा कसा धरतो, आणि त्यावरून शुद्धता कळते का?

तुपात अनेक प्रकारचे स्निग्ध घटक असतात. काही लवकर गोठतात, काही उशिरा. कढवलेलं तूप निवू लागलं की लवकर गोठणारे घटक आधी एकत्र येतात. एखाद्या बारीक ठिपक्यापासून सुरुवात होते. त्यातून सुईसारखे स्फटिक निघतात. बाकीचे घटक त्यांच्या वाटेत येतात, तेव्हा त्या सुयांना फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे फुटतात. ज्वारीची पेंढी मधोमध आवळली की दोन्ही टोकं कशी फुलतात? तसंच हे. फुलत फुलत ती पेंढी सगळीकडून भरते आणि तिचा गोल गोळा होतो. विज्ञानात अशा गोळ्याला स्फेरुलाइट म्हणतात. असे गोळे वाढून, एकमेकांना चिकटून डोळ्यांना दिसायला लागले, की आपण त्याला रवा म्हणतो.

आता रवा कधी मोठा, कधी बारीक का होतो? दाट पेरलं तर रोपं बारीक राहतात, विरळ पेरलं तर फोफावतात. तुपाचंही तसंच. गरम तूप थेट फ्रीजमध्ये ठेवलं, की एकदम असंख्य ठिकाणी ठिपके पडतात. कुणालाच वाढायला जागा उरत नाही आणि तूप गुळगुळीत होतं. हळूहळू निवलं तर ठिपके थोडे पडतात आणि गोळे मोठे होतात. म्हशीच्या तुपात लवकर गोठणारे घटक जास्त, म्हणून त्याचा रवा ठसठशीत असतो. रव्याच्या मध्ये जे तेलासारखं पातळ दिसतं, ते उशिरा गोठणारं तूपच. ती भेसळ नव्हे.

असे गोळे फक्त तुपात होतात असं नाही. आपल्या महाराष्ट्राचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्याच्या पोकळ्यांमध्ये पुढे खनिजांचं पाणी झिरपलं आणि तिथे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींत ओकेनाइट नावाचं खनिज सापडतं. दिसायला अगदी कापसाचा पांढरा बोळा, पण असतात मधून चहूकडे निघालेल्या बारीक सुया.

कारखान्यातल्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्येही निवताना असेच गोळे होतात. ते मोठे झाले तर उजेड विखुरतो आणि डबा धूसर दिसतो. म्हणून पारदर्शक डब्यासाठी त्यात मुद्दाम अशी भुकटी घालतात, की असंख्य ठिकाणी ठिपके पडून गोळे बारीक राहावेत. म्हणजे रवा धरणं हा निवण्याचा खेळ आहे, मग तो दगड असो, डबा असो की तूप.

आता मुद्द्याची गोष्ट. रवा हा शुद्धतेचा दाखला नाही. वनस्पती तूपसुद्धा आपल्याकडे रवाळ बनवतात, ते साजूक तुपासारखं दिसावं म्हणूनच. रवाळ तुपात भेसळ असू शकते आणि गुळगुळीत तूप अस्सल असू शकतं. वनस्पती ओळखता यावं म्हणून कायद्याने त्यात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालावं लागतं, आणि प्रयोगशाळेत ते तीळतेल सापडतं. पण दुसरं तेल किंवा चरबी मिसळली असेल तर आणखी तपासण्या लागतात. नुसत्या डोळ्यांनी निवाडा होत नाही.

तरीही गिऱ्हाइकाला रवा हवाच असतो, तर तो नीट धरू या. तूप गाळून कोरड्या भांड्यात ओता. कोमट होऊन किंचित गढुळायला लागलं, की चमचाभर जुनं रवाळ तूप घाला. दुधाला विरजण लावतो तसंच समजा. तूप फार गरम असेल तर हे विरजण वितळून जाईल, तेवढं सांभाळा. मग भांडं झाका आणि २८ ते ३० अंशांच्या आसपास, न हलवता, एक दिवस राहू द्या. थंडीच्या दिवसांत भोवती गोणपाट गुंडाळा.

आणि गटाच्या बैठकीत एकदा हे करून बघा. एकाच तुपाच्या दोन वाट्या वितळवा. एक फ्रीजमध्ये ठेवा, दुसरी झाकून ओट्यावर. दुसऱ्या दिवशी तूप तेच, पण रूपं दोन. पुढच्या बाजाराला त्या दोन वाट्या सोबत न्या. गिऱ्हाईक शंका काढेल तेव्हा आवाज चढवू नका, वाट्या पुढे करा. सोबत प्रयोगशाळेचा अहवालही ठेवा. रव्याने गिऱ्हाईक थांबेल, पण विश्वास बसेल तो अहवालाने आणि आपल्या सरळ बोलण्याने.