उजव्या हृदयाची परीक्षा



रक्तदाब म्हटला की आपण दंडाला पट्टा बांधून घेतो आणि १२०-८० हा आकडा कानी पडला की निश्चिंत होऊन घरी जातो. पण दंडावर मोजतात तो डाव्या हृदयाच्या कारभारातला दाब. उजव्या हृदयावर काय गुदरते आहे, हे त्या पट्ट्याला कळत नाही. आज त्या उजव्या हृदयाविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

हृदय दिसावयास एक असले तरी कामाच्या हिशेबाने ती दोन आहेत. डावे साऱ्या देहाला रक्त पुरविते. उजवे देहातून परतलेले काळसर रक्त शेजारच्या फुप्फुसांत पोचविते. पल्ला जवळचा आणि वाट मोकळी. म्हणून फुप्फुस-रोहिणीतला सरासरी दाब विसाव्याच्या वेळी पाऱ्याच्या १४ मिलिमीटरांच्या आसपास असतो, आणि उजव्या हृदयाची भिंतही पातळ असते. हा सरासरी दाब २० च्या वर गेला की तो वाढला असे आता मानतात. पूर्वी ही मर्यादा २५ होती.

तो वाढण्याची कारणे अनेक. सांध्यांच्या तापाने आकसलेली डाव्या हृदयाची झडप, चुलीच्या धुराने किंवा विडीने खराब झालेली फुप्फुसे, अडकून राहिलेली रक्ताची गुठळी. आमचा आजचा विषय यांहून निराळा आहे. फुप्फुसांतल्या बारीक रोहिण्यांच्या भिंतीच जाड होतात आणि वाट अरुंद होत जाते. डॉक्टर याला पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन म्हणतात. हा रोग विरळा खरा, पण तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो, आणि पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात. जिना चढताना दम लागतो असे ती सांगते. घरचे म्हणतात, रक्त कमी असेल. त्यातच वर्षे जातात.

उजनीचे पाणी नळातून सोलापुरास येते. समजा, तो नळ आतून अरुंद झाला. पंप अधिक जोर लावील आणि दाबमापकाचा काटा चढेल. नळ बिघडला आहे, पण पंप अजून झुंजतो आहे, असा त्याचा अर्थ. पुढे पंपच थकला तर काटा खाली येईल. तो पाहून कोणी नळ साफ झाला म्हणून पेढे वाटू लागला, तर त्याला काय म्हणावे? या रोगात असे घडू शकते. गेल्या वर्षी सरासरी दाब ६० होता, यंदा ४५ आहे, एवढ्यावरून रोग हटला असे ठरत नाही. दाब वाढतो तो प्रवाह आणि अडथळा या दोहोंच्या गुणाकाराने. अडथळा तसाच राहून प्रवाह घटला तरीही दाब उतरतो. तेव्हा नुसता दाब विचारून भागत नाही. त्या दाबापुढे उजवे हृदय कितपत तग धरून आहे, हे पाहावे लागते. रोग्याचे आयुष्य पुष्कळसे त्यावरच ठरते.

ते पाहावयाचे कसे? पहिली परीक्षा डोळ्यांची आणि हाताची. रोग्याला अर्धवट टेकवून बसवावे व मानेकडे पाहावे. रक्त पुढे जाईना की ते मागे तुंबते. मानेची शीर फुगते, यकृत वाढून उजव्या बरगडीखाली हाताला लागते, घोट्यावर बोट दाबले तर खळगा राहतो. या परीक्षेला पैसा पडत नाही. यंत्रे आल्यापासून तिची आबाळ होते, हे आम्हाला खटकते.

दुसरी परीक्षा इकोची. उजव्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताच्या वेगावरून दाबाचा अंदाज बांधतात. त्याच पडद्यावर त्या झडपेचे कडे दर ठोक्याला किती सरकते तेही मोजतात. १७ मिलिमीटरांहून कमी सरकले तर हृदय थकले असे समजावे. समजा, दोघींचा वरचा दाब ६० आहे. एकीचे कडे २० मिलिमीटर सरकते, दुसरीचे ११. अहवालातला दाब एकच. पण दुसरीची चिंता कितीतरी अधिक केली पाहिजे.

तरीही शेवटचा निर्णय हृदयात नळी घालून दाब मोजल्यावाचून होत नाही. श्रोत्यांना नळी म्हटले की धडकी भरते. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकविली आणि चालत जाऊन क्ष-किरणांनी छायाचित्र काढविले. १९५६ साली कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आज अनुभवी हातांत ही तपासणी बरीच सुरक्षित आहे. उजव्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातला दाब ८ च्या खाली असला तर धीर धरता येतो. १४ च्या वर गेला तर स्थिती गंभीर. दोष डाव्या बाजूचा की फुप्फुसांतल्या रोहिण्यांचा, हेही याच नळीने उलगडते.

आणि एक परीक्षा आहे ती निव्वळ चालण्याची. सपाट वाटेवर सहा मिनिटे चालावयाचे. ४४० मीटरांपुढे गेले तर उत्तम, १६५ देखील झाले नाहीत तर काळजीचे. मधल्यांना दर काही महिन्यांनी पुन्हा तपासून औषधे वाढवावी लागतात. सिल्डेनाफिलसारखी औषधे आज आपल्याकडे मिळतात. रोग समूळ जात नसला तरी त्यांनी हृदयावरचा भार हलका होतो. गरोदरपण मात्र या रोगात जिवावर बेतते. देहातले रक्त वाढते आणि थकलेल्या हृदयाला ते पेलत नाही. घरात पाळण्याची घाई करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्यावे.

जन्मतः हृदयात छिद्र असलेल्या मुलांचे प्रकरण याला अगदी लागून आहे. छिद्रातून डावीकडचे जास्तीचे रक्त वर्षानुवर्षे फुप्फुसांत जात राहिले, तर तेथल्या रोहिण्या हळूहळू जाड होतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतून आणि शाळांतून मुलांची तपासणी होते, तीत असे मूल सापडले तर पालकांनी चालढकल करू नये. वेळीच छिद्र बुजविले तर बहुतेक मुले इतरांसारखी वाढतात. उशीर झाला, ओठ निळे पडू लागले, की प्रवाह उलटलेला असतो. मग मात्र आधी उजव्या हृदयाची पूर्ण परीक्षा केल्याखेरीज त्या छिद्राला हात लावता येत नाही. कारण तोवर तेच छिद्र उजव्या हृदयाचा भार सोडणारी वाट होऊन बसलेले असते, आणि ती वाट बंद केली तर हृदय कोलमडते.